माइकाविना वाजवलेली दोन वर्षं : लाखांदूरकडच्या आमच्या मंडळाची कोरोनातली हकीकत

चुलबंदकाठ (धागाकर्ता)

रविवारी आमची पेटी दुरुस्तीसाठी खोलली. भात्याची मागची घडी उकलली आणि आतून चिमूटभर वाळका गाळ सतरंजीवर सांडला. ऑगस्ट २०२० च्या पुरातला. तेव्हा पेटी पुसली होती, उन्हात ठेवली होती, एकेक सूर काढून घासला होता, तरी एवढा उरलाच. तो बघून आम्ही सगळे जरा वेळ गप्प बसलो. मग बोलणं निघालं ते रात्री साडेबारापर्यंत. त्यातलं निम्मं मी विसरून गेलो होतो. आणखी पाच वर्षांनी उरलेलं निम्मंही जाईल, म्हणून इथे लिहून ठेवतो. ज्यांच्या गावात भजनी मंडळ, खडी गंमत आणि दंडार हे आमच्याकडचे लोकनाट्याचे प्रकार, वाजंत्री असं काही आहे त्यांनी आपापलं लिहावं, ही विनंती.

आमचं गाव चुलबंद नदीच्या काठावर, भंडारा जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला. वैनगंगेच्या याच काठाने खाली गेलं की वडसा, झाडीपट्टीच्या नाटकांचं ठाणं. मंडळात सहा जण. पेटीवर काका, ते तेव्हा ६१ वर्षांचे. ढोलकीवर त्यांचे साळे, त्यांना सगळं गाव मामा म्हणायचं. दोन खंजिऱ्या, त्यातली एक माझी. बासरीवाला एरवी मोटारसायकली दुरुस्त करतो. आणि २०१८ पासून गिटार. काकांचा पुतण्या नागपूरला शिकायला होता, तो तिथून जुनी गिटार घेऊन आला. काका पहिल्या दिवशी म्हणाले, "हे का आणलास गा? भजनात हे बसते का?" पोराने पहिल्या पट्टीवर चाप (कॅपो) लावला, डी धरला आणि काकांच्या पेटीची काळी दोन बरोब्बर मिळाली. काकांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांच्याकडून तीच परवानगी.

वर्षाचा हिशोब साधा होता. पाडव्यापासून हनुमान जयंतीपर्यंत भजनं, ३० एप्रिलला ग्रामजयंती म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जयंती, मग लग्नं. पावसाळ्यात धानाची रोवणी असते, तेव्हा कोणी कोणाला बोलावत नाही. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा. काका आणि मामा भाऊबीजेपासून झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटकांत ऑर्गन-ढोलकीला जायचे. त्या चार महिन्यांच्या कमाईवर काकांचं घर चालायचं. शेती दीड एकर, धानाची.

२०२० चा पाडवा २५ मार्चला आला. म्हणजे लॉकडाऊनचा पहिलाच दिवस. आमच्या आठ सुपाऱ्या होत्या, आठही गेल्या. दोघांनी इसार परत मागितला, तो दिला.

एप्रिलमध्ये तेलंगणातून मिरची तोडणारे परतायला लागले. आमच्या भागातून दर वर्षी माणसं खम्मम, वरंगलकडे मिरची तोडायला जातात. या वेळी गाड्या नव्हत्या. कोणी चालत, कोणी मालट्रकवर लटकत आले. त्यांना गावात न घेता जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं. तेवीस जण होते. त्यात बायका आणि तीन लेकरं. जेवण फाटकावर ठेवायचं आणि मागे सरकायचं. रात्री शाळेतून लेकरांच्या रडण्याचा आवाज यायचा. गावात एरवीचा कसलाच आवाज नसल्याने तो आमच्या घरापर्यंत पोचायचा.

एके दिवशी फाटकाआडून एका बाईने मामांना हाक मारली. "मामाजी, दोन भजनं तरी म्हना जी. घर दिसते अन् जाता येत नाई." मामा तडक पोलीस पाटलांकडे गेले. सरपंच आणि पाटलांनी तीन अटी घातल्या. भोंगा नाही, वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि गावातलं कोणी ऐकायला जमलं तर लगेच बंद. आम्ही शाळेसमोरच्या पिंपळाच्या पारावर दोन-दोन हात सोडून बसलो. फाटक तिथून पस्तीस-चाळीस पावलं. पलीकडे व्हरांड्यात ते लोक.

आम्ही जन्मभर माइकवर वाजवत आलो होतो. कर्णा लावला नाही तर कार्यक्रमच नाही, अशी इकडची रीत. त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं की माइकाविना कोणतं वाद्य किती दूर जातं. खंजिरी जाते, तिच्या चकत्यांचा आवाज थेट लागतो. बासरी जाते. पेटी निम्म्या वाटेवर बसते. गिटार तर पाराखालीही उतरत नाही. पोरगा हिरमुसला. दुसऱ्या दिवशी त्याने बोटांनी छेडणं सोडलं आणि नखी घेऊन फक्त ठेका धरला. आम्ही खंजिरी मांडीवर दाबून हळू केली. काकांनी भाता सांभाळत वरचे सूर धरले. दिवस मावळल्यावर जमीन थंड होते, तिच्या लगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, तेव्हा आवाज वर न उडता खालीच वाकून दूर जातो. हे शास्त्र पोराने नंतर वाचून सांगितलं. आम्हाला एवढंच दिसलं की पाचला वाजवलेलं त्यांना ऐकू जात नाही आणि सातला जातं. चौदा दिवसांत आम्ही अकरा वेळा बसलो. असं कान देऊन आम्ही त्याआधी एकमेकांचं कधी ऐकलं नव्हतं.

मे महिन्यात पोराने व्हिडीओ कॉलवर सराव करून बघितला. जमला नाही. मग एकावर एक आवाज चढवून तीन भजनं फोनवर तयार केली. अकराशे लोकांनी बघितली. पैसा आला नाही, पण हैदराबादला अडकलेल्या आमच्या गावच्या दोन पोरांचे फोन आले.

२९ ऑगस्टला पाणी चढायला लागलं. मध्य प्रदेशात संजय सरोवर धरणातून पाणी सोडलं, गोसेखुर्द धरणाचे तेहतीसही दरवाजे उघडले. वैनगंगा इतकी फुगली की चुलबंदचं पाणी तिच्यात शिरेना, उलटं मागे फिरलं. आमच्या खालच्या आळीत छातीएवढं पाणी होतं. काकांनी धानाचं पोतं सोडलं आणि पेटी डोक्यावर घेतली, तरी माळ्यावर ठेवेपर्यंत ती भिजलीच. मंडळाची सतरंजी, मामांची जुनी ढोलकी आणि बांधीतला, म्हणजे शेतातला धान, सगळं गेलं. त्या साली कोरोनापेक्षा पुराने आम्हाला जास्त मारलं. बाहेरच्यांना हे पटत नाही.

दिवाळीला मंडई भरली नाही. वडशावरून काकांना बोलावणं आलं नाही. ऑर्गनवर चाळीस वर्षं फिरलेली बोटं घेऊन ते रोजगार हमीच्या मातीकामावर गेले, २३८ रुपये रोजाने. मला त्याचं वाईट वाटायचं. त्यांना वाटत नव्हतं, ते म्हणायचे काम आहे.

मग २०२१ चा एप्रिल. लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास, तिथे वाजवणार कोण. त्याच महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मामांना ताप आला. पाचव्या दिवशी दम लागला, सहाव्या दिवशी जिल्ह्याला नेलं, आठव्या दिवशी गेले. देह गावात आला नाही. तिकडेच दोघा नातेवाइकांच्या समोर अंत्यविधी झाला. आमच्याकडे माणूस गेला की मंडळ टाळ-खंजिरी घेऊन घाटापर्यंत चालतं. मामा तीस वर्षं गावातल्या प्रत्येकासाठी चालले होते. त्यांच्यासाठी कोणी चाललं नाही. आम्ही पाच जण आपापल्या घरात होतो.

मे सरेपर्यंत आमच्या आणि शेजारच्या दोन गावांत मिळून असे अकरा जण गेले. सगळेच काही कोरोनाने गेले नव्हते, पण सगळेच भजनाविना गेले. जुलैत रोवणी उरकली, तेव्हा काकांनी वहीत ती अकरा नावं लिहिली. म्हणाले, हे आपल्यावर बाकी आहे. मग एका संध्याकाळी एक घर असं ठरलं. ओट्यावर बसायचं, तीन भजनं म्हणायची, उठायचं. मानधन नाही, चहासुद्धा नाही, कारण चहा म्हटला की घरातली बाई चुलीपाशी जाते, आणि ऐकायला तीच हवी. पेटी पुरानंतर दम धरत नव्हती म्हणून सूर गिटारने दिला. ज्या गिटारला काका नाही म्हणाले होते तिच्यावरच ती अकरा घरं झाली.

शेवटचं घर मामांचं. त्यांची नवी ढोलकी खुंटीला होती. मामी म्हणाल्या, वाजवा, पावसात चामड्याचं पान उतरून जाईल. मी खंजिरी ठेवून ढोलकी घेतली आणि भजनी ठेका धरला. दुसऱ्या ओळीला मामींनी थांबवलं. "हा त्याइचा नाई. ते तिसऱ्याले थांबत, मंग उचलत." आणि त्यांनी मांडीवर हाताने ठेका वाजवून दाखवला. मामी कधी मंडळात बसल्या नव्हत्या. मागच्या खोलीत, भांडी घासता घासता त्यांनी तीस वर्षं ऐकलं होतं. त्या दिवशी मी तो ठेका शिकलो नाही, मला जमला नाही. त्यांची मुलगी शिकली. बी.ए.ला होती तेव्हा. आज आमच्या ढोलकीवर तीच असते.

एवढंच. तुमचं लिहा.

वऱ्हाडचा पाऊस

राजेहो, वाचता वाचता हात थांबला. मी तिवसा तालुक्यातला, मोझरी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आमचंबी खंजिरी मंडळ हाय, चौदा जनाचं. राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथी महोत्सवाले मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात लाखानं माणूस येते. ४ वाजून ५८ मिनिटाले, महाराज गेले त्या वेळेले, मौन होते, तेवढ्या गर्दीत पाखराचा आवाज आयकू येते. २०२० साली आमी घरच्या आंगनातच उभे राह्यलो. माह्या बापानं घड्याळ हातात धरलं होतं. वयाच्या दहाव्या वर्षापासून ते मोझरीले जात आले, पहिल्यांदा चुकलं.

दुसरी लाट आमच्याकडं तुमच्या आंधी आली. २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती अन् अचलपुरात लॉकडाऊन लागलं, तवा बाकी महाराष्ट्र मोकळा फिरत होता. आमची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळी देवळात व्हायची, ते बंद झाली. मंग एकानं आपल्या दारातून सुरू केली, शेजाऱ्यानं त्याच्या दारातून धरली, असं करत आळीभर. पहिल्या घराचा सूर शेवटच्या घरापर्यंत जाईस्तोवर आर्धा मात्रा मागं पडे. तरी रोज म्हनली.

ध्वनीवेडा

व्हिडीओ कॉलवर सराव का जमला नाही त्याबद्दल लिहितो, कारण अनेक मंडळांनी तेव्हा नाहक एकमेकांना दोष दिला. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दहा मीटरवर बसलेल्या साथीदाराचा आवाज तुम्हाला तीस मिलिसेकंदांनी मिळतो, तेवढं कान निभावून नेतो. मोबाइलच्या जाळ्यावर एकशे-दीडशे मिलिसेकंद सहज जातात, आणि तेही कमीजास्त होत राहतात. मिनिटाला १२० मात्रांचं भजन असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. खंजिरीवर मात्रेत चार घात धरले तर एक घात १२५ चा. म्हणजे समोरच्याचा घात तुमच्याकडे पोचेपर्यंत तुमचा पुढचा पडून गेलेला असतो. तुम्ही त्याच्यासाठी थांबता, तो तुमच्यासाठी थांबतो आणि लय खाली खाली जाते. दोष कोणाचाच नाही.

दुसरं, फोनमधली आवाज गाळणारी यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असते. चकत्यांची किणकिण तिला गोंगाट वाटते आणि ती कापून टाकते. तुमच्या त्या तीन भजनांत खंजिरी दबलेली वाटत असेल तर कारण हे.

चुलबंदकाठ

अगदी हेच. माझी खंजिरी त्यात टिचक्यांसारखी वाटते, मला वाटायचं मीच नीट वाजवली नाही. नंतर पोराने आवाज चढवण्याची रीत बदलली. एका फोनवर कानात मात्रा ऐकायची, दुसऱ्यावर रेकॉर्ड करायचं, आणि सुरुवातीला टाळी. सगळ्यांच्या टाळ्या जुळवल्या की बाकीचं जुळतं.

स्पष्ट बोलतो

धागा चांगला आहे, पण एक विचारल्याशिवाय राहवत नाही. लॉकडाऊनच्या पहिल्या महिन्यात सहा माणसं पारावर एकत्र बसली, त्यातले एक साठीपुढचे. पोलीस पाटलांनी हो म्हटलं म्हणून ते बरोबर ठरतं का? माझ्या मोठ्या भावाला एका नामकरणात लागण झाली. आठ-दहा जणच होते, घरचेच. त्यामुळे 'आम्ही काळजी घेतली होती' हे वाक्य मला ऐकवत नाही. राग मानू नका.

चुलबंदकाठ

राग नाही. तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. आम्हाला हा प्रश्न मामा गेल्यावर फार छळत होता, जरी त्यांची लागण वर्षभरानंतरची आणि पारावर बसण्याशी तिचा संबंध नव्हता. एप्रिल २०२० मध्ये आमच्या तालुक्यातल्या गावांत रुग्ण नव्हते, पण ते तेव्हा आम्हाला ठाऊक असण्याची सोय नव्हती. म्हणजे आम्ही धोका पत्करला हे खरं. पुन्हा तीच वेळ आली तर मी सहा जणांऐवजी दोघांना पाठवीन, एक बासरी आणि एक खंजिरी. तेवढंच तिकडे पोचत होतं. पण अजिबात जायचं नाही, असं मला आजही म्हणवत नाही. ती लेकरं रडायची थांबायची.

पडद्यामागे वडसा

मी झाडीपट्टीत वीस वर्षं आहे, आधी नट, आता व्यवस्था बघतो. काका कोण ते ओळखलं, नाव लिहीत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमचं नाटक रात्री दहाला उभं राहते अन् पहाटे उतरते. गाणी तिथंच म्हणायची, तिथंच वाजवायची, ध्वनिफीत लावून चालत नाही. प्रेक्षक आधी ऑर्गनवर कोण बसला ते पाहते. मंडईच्या दिवसात एकेका गावात एका रात्री दोन-दोन नाटकं लागतात. ५ नोव्हेंबर २०२० ला सरकारनं निम्म्या आसनांवर नाट्यगृहं उघडली, पण आमचं नाट्यगृह म्हणजे धान कापलेली बांधी अन् कापडी मंडप. तिथं आसनं मोजायची कशी? गावचं मंडळ परवानगीच्या भानगडीत पडायला तयार नव्हतं, त्यातही पूर आलेली गावं. वडशाच्या बुकिंग कार्यालयांत त्या दिवाळीले फोन वाजला नाही.

२०२१ मध्ये सरकारनं कलावंतांना एकवेळची पाच हजारांची मदत जाहीर केली. आमच्यातल्या कित्येकांकडं कलावंत असल्याचा एक कागद नव्हता. हँडबिलं होती, ती पुरात गेली किंवा घरात चूल पेटवाले गेली. तेव्हापासून मी प्रत्येकाले सांगतो, हँडबिल, निमंत्रणपत्रिका, पेपरातलं कात्रण, फोटो, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा अन् फोनवरही काढून ठेवा. पन्नाशीनंतर वृद्ध कलावंत मानधनासाठी अर्ज करतानाही तेच मागतात.

जानेवारी २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या अख्ख्या पट्टीत फटाके फुटले. त्या दोन वर्षांनंतर तो दिवस आला याचं मोल आम्हालाच माहीत. काकांना सांगा, या भाऊबीजेपासून जागा आहे.

आशाताई

मी आशा स्वयंसेविका आहे, भंडारा जिल्ह्यातच. गाव सांगत नाही. भाऊंनी ओट्यावरच्या भजनांबद्दल लिहिलं म्हणून मला लिहावंसं वाटलं. एप्रिल-मे २०२१ मध्ये मी ऑक्सिमीटर घेऊन रोज चाळीस घरं फिरायची. आकडा ९४ च्या खाली दिसला की पाठवायचं, असं आम्हाला सांगितलेलं. लोक दार लावून घेत. तापाची गोळी घेऊन मला दाखवायला बसत, की बघा ताप नाही. मला त्यांचा राग येत नसे. दवाखान्यात गेलेला माणूस परत दिसत नव्हता, देहसुद्धा दिसत नव्हता, मग त्यांनी काय करायचं?

आमच्याही गावात नंतर एका मंडळाने असं केलं, गणपतीच्या सुमारास. तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्या घरी भजन झालं त्या घरची माणसं पहिल्यांदा त्या दिवसांबद्दल बोलली. कधी ताप आला, कोणाला सांगितलं, कोणाला लपवलं. एका आजींनी चार महिने नवऱ्याचं नावच काढलं नव्हतं. भजन संपल्यावर त्यांनी मला हात धरून बसवलं आणि सगळं सांगितलं. पुढच्या आठवड्यात लस घ्यायला त्या आपल्या दोन्ही सुनांना घेऊन आल्या. हे भजनामुळेच झालं असं मी म्हणत नाही, पण त्याआधी मी त्या घरी सात वेळा गेले होते.

आणि एक. एखादी सात महिन्यांची गरोदर बाई त्या शाळेत अडकलेली असती तर तुम्ही तिथे वाजवावं असं मीही म्हटलं असतं. आम्ही आत जाऊन तपासू शकत होतो, पण धीराचं बोलायला वेळ नव्हता.

तारा जुन्या

गिटार खेड्यात टिकवण्याचं काही सांगाल का? आमच्याकडे पत्र्याचं घर, मे महिन्यात गिटारच्या पुलाचा (ब्रिजचा) चिकटवलेला भाग सुटला. नागपूरचा पारा ४७ ला गेला होता त्याच आठवड्यात.

चुलबंदकाठ

आमच्या पोराचंही तसंच झालं होतं, त्याने सुताराकडून शिकंजा लावून चिकटवला. आता उन्हाळ्यात तो तारा दोन सूर उतरवून ठेवतो आणि गिटार धानाच्या कोठीमागे मातीच्या भिंतीला टेकवतो, पत्र्याखाली कधीच नाही. पावसाळ्यात तारा गंजतात, वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसायच्या. लॉकडाऊनमध्ये तारा मिळेनात, तेव्हा सर्वात बारीक तार तुटल्यावर चार महिने पाच तारांवर वाजवलं. चामड्याच्या खंजिरीचं उलट असतं. उन्हाळ्यात ती इतकी ताणते की टणटण बोलते, तेव्हा ओला हात फिरवायचा. पावसात ढिली पडते, तेव्हा चुलीची ऊब द्यायची, पण लांबून.

वऱ्हाडचा पाऊस

भाऊ, त्या मामांचा ठेका कसा हाय ते लिहून दाखवता का? तिसऱ्याले थांबून उचलते म्हंजे नेमकं कुठं? आमच्याकडं एक बुवा होते, ते बी तसंच काही वाजवत. ते गेले २०२१ लेच. त्याइचं कोनी शिकून घेतलं नाही.

चुलबंदकाठ

लिहून जमणार नाही, मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा चुकीचं उतरलं. शनिवारी साडेसातला सराव असतो, मामीही येऊन बसतात. मुलीकडून वाजवून घेतो, मामींनी हो म्हटलं की इथे टाकतो. खंजिरी बंद ठेवू, फक्त ढोलकी, म्हणजे फोन काही खाणार नाही. आधी टाळी असेल, ती सोडून ऐका.